न फुटणारा फेस

स्वतःची फजिती स्वतःच्या तोंडानं सांगायची म्हणजे जिवावरच येतं, पण विषय निघालाच आहे तर ऐका.

बी.एस्सी. होऊन मी हळ्ळीखेडहून बीदरला आलो आणि तिथल्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. तेलाची आग विझवायचा फेस आम्ही बनवायचो. आमच्या घरात पहिला पगारदार मीच. मान जरा ताठच होती.

मालक म्हणाले, "आपला फेस लवकर बसायलाय. टिकाऊ करा, तरच गिऱ्हाईक ऑर्डर देईल."

मी कामाला लागलो. वाळूच्याच जातीची एक पांढरी भुकटी असते, सिलिका. इतकी बारीक, की डबा उघडला की धुरासारखी उडते. तिचे कण बुडबुड्यांना चिकटून बसतात आणि त्यांना फुटू देत नाहीत. संध्याकाळी बादलीत केलेला फेस सकाळी तसाच. बोट खुपसलं तर खड्डासुद्धा तसाच राहायचा.

बसप्पा अण्णा आमचे सगळ्यात जुने कामगार. त्यांनी तो चिमटीत धरून बघितला. "सर, हे तर खव्यावानी झालंय. आगीवर टाकून बघितलाव का?"

"टिकायलाय न्हवं? मग विझवंलच की," मी म्हणालो.

चाचणीला गिऱ्हाइकाचे दोन साहेब आले. मैदानात लोखंडी ट्रेमध्ये डिझेल पेटवलं. मी ऐटीत नळी धरली. फेस पडला तो ढिगानंच, आणि एका कोपऱ्यात उभा राहिला. पसरेचना. ट्रेच्या उरलेल्या भागात आग जशीच्या तशी. काय करावं माणसानं? मी आणखी जवळ जाऊन जोरात मारला. त्या धक्क्यानं पेटतं डिझेल काठावरून माझ्या पायांकडे सांडलं.

अण्णांनी मला मागं ओढलं आणि ओली पोती, वाळू टाकून आग विझवली. त्यात त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला.

मालकांच्या स्कूटरवरून मी त्यांना दवाखान्यात नेलं. पट्टी बांधताना मी म्हणालो, "अण्णा, चुकलं माझं."

"फुटू दिलं न्हाई, ते बराबर केलाव," ते शांतपणे म्हणाले. "पर त्याला सरकू बी द्यायला पायजे की."

परत आलो तेव्हा साहेब निघून गेले होते. मालक एकटेच ट्रेपाशी, कोपऱ्यातल्या फेसाच्या ढिगाकडं बघत उभे होते.

"हे किती दिवस राहील?"

"तीन-चार दिवस तरी," मी खाली बघत म्हणालो.

"आणि तुम्ही?"

राहिलो मी, काढलं नाही त्यांनी. पण पुढं माझा प्रत्येक नवा फेस आधी बसप्पा अण्णा पास करायचे, आणि मगच बी.एस्सी. झालेला माणूस खाली सही करायचा.