मागे राहिलेला हात

कोऱ्या जीन्सचा वास आला की मला उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला तो हॉल आठवतो. खाली जीन्सचा कारखाना होता; मशिनं सुरू झाली की वरची फरशी आमच्या अनवाणी पायांखाली थरथरायची. रविवारी दुपारी आम्ही तिथे कंटेम्पररी डान्स शिकायचो. माझ्या जोडीला बदलापूरच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताई होत्या. त्या दिवशी आरशासारखं नाचायचं होतं. मी करीन तेच त्यांनी समोरून करायचं. त्यांचा डावा हात दर वेळी मागे राहू लागला. “ताई, हात मुद्दाम उशिरा आणताय?” मी हळूच विचारलं. “नाही गं, तुझ्याबरोबरच तर आणतेय,” त्या हसून म्हणाल्या. मी पुन्हा हात उचलला, या वेळी मुद्दाम सावकाश; त्यांचा तरीही मागेच राहिला, आणि त्यांना ते कळतच नव्हतं. तेवढ्यात सर ओरडले, “वा! हात बघा कसा आठवत आठवत येतोय!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. वर्षभरात ताईंची ती सगळी बाजूच लुळी पडली. भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “तुला त्या दिवशीच कळलं होतं ना?” मी नाही म्हणाले. ते खोटं होतं, हे आज पहिल्यांदा सांगतेय.