दाजींना काहीच सापडलं नाही

आमच्या दाजींना थोडं खोटं बोलता आलं असतं, तर माझ्या ताईचा निम्मा संसार सुखाचा झाला असता. थोरल्या बहिणीचा नवरा, भौतिकशास्त्रातला मोठा माणूस, देशातल्या एका नामांकित प्रयोगशाळेचा प्रमुख, हाताखाली शेकडो शास्त्रज्ञ. पण 'भरीत छान झालंय' एवढं साधं वाक्य यांच्याकडून वदवून घेताना आम्हाला घाम फुटतो. एका घासावरून सांगणं धाडसाचं होईल, असं म्हणत ते ताट पुसून खातात, पुन्हा वाढून घेतात आणि वांगी कुठल्या शेतातली म्हणून विचारत बसतात. माझ्या मुलीच्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांनी सहज विचारलं, मुलगी स्वभावाने कशी आहे? दाजी म्हणाले, आपण तिला फक्त दिवाळीत पाहिलंय आणि दिवाळीत सगळेच चांगले वागतात. लग्न जमलं, देवाची कृपा. पण माझ्या बायकोने त्यांना पुढे आठवडाभर बिनसाखरेचा चहा दिला. तो त्यांनी आवडीने घेतला, कारण काही बदललंय हे या शास्त्रज्ञाच्या लक्षातच आलं नाही.

असा माणूस सत्काराला उभा करायचा म्हणजे आगीशी खेळ. झालं असं, की दाजींच्या प्रयोगशाळेने डोंगराच्या पोटात यंत्रं बसवून वर्षानुवर्षं एक अतिसूक्ष्म कण शोधला आणि शेवटी जाहीर केलं, की जिथे शोधला तिथे तो नाही. टीव्हीवर दाजी दिसले. वरणगावकडच्या त्यांच्या गावाने नुसता चेहरा पाहिला आणि गाव 'कणाचा शोध लावणारे आपले सुपुत्र' असा फलक करून मोकळं झालं. भुसावळ स्टेशनवरून मी दोघांना गाडीतून नेत होतो, तेव्हा ताई सारखी विनवत होती, शाल घ्या, नारळ घ्या, आभार माना आणि खाली बसा; आबा पहिल्या रांगेत असणार, म्हातारपणी त्यांना गावात मान खाली घालायला लावू नका. आबा म्हणजे दाजींचे वडील. सगळा जन्म केळीच्या बागेत गेला. पोरगा नक्की काय करतो, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि दाजींनीही कधी सांगितलं नव्हतं. दाजी मान डोलवत होते. म्हटलं, सुटलो बुवा.

कसलं काय. माईक हातात येताच दाजी हसतमुखाने म्हणाले, "फलक चुकलाय. आम्हाला काहीच सापडलं नाही."

मागून कोणीतरी फिसकन हसलं, कोणी म्हणालं, मग एवढा खर्च केला कशाला? ताईने पदर डोळ्यांपर्यंत ओढला. तेवढ्यात आबा काठी टेकत उठले. ते गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"हासू नका रे. माही बोर कोरडी गेली, तं मी गावाले सांगतलं. लपवलं असतं, तं शेजाऱ्यानं बी तिथीच खंदली असती."

मग पोराकडे वळून म्हणाले, "आता कुठी शोधशीन?"

दाजी खाली उतरले, आबांशेजारी खुर्ची ओढून बसले आणि हातवारे करून सांगू लागले. आबा मधेच अडवून विचारत, दाजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. पंगत उठली, मंडपवाल्याने खुर्च्या गोळा केल्या, तरी या दोन तशाच राहिल्या. बाप-लेकाला इतकं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्या वर्षीची केळी कापणीला आली, तेव्हा आबा नव्हते.