सुमनवयनींची पायडलं

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही — बायकोलासुद्धा नाही. आणि मी तर भजनीबुवा. माझ्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या आचरा गावाला माहीत.

दोन हजार तीन साल असेल. आरोंद्याचा माझा मेव्हणा बोटीवर खलाशी होता. त्याने परदेशातून एक जुनी स्टील गिटार आणली — नवशिक्यांसाठीची, स्वस्तातली. टेबलासारखी चार पायांवर उभी, दहा तारा, खाली तीन पायडलं. पायडलं वर तारांना जोडायच्या सळया सुट्या होत्या. मी जोडून पाहिल्या. पहिल्याच दाबाला तार तुटली. मग मी काय केलं असेल? सळया काढल्या आणि दोडक्याच्या वेलाला आधाराला दिल्या.

भजनात पेटी मीच वाजवतो, आणि पेटीवाल्याला सूर कळतो. पोलादी दांडी तारांवरून सरकवत मी एक अभंग बसवला. चार माणसं वा म्हणाली. तिथेच थांबायला हवं होतं — पण मी थांबणाऱ्यातला आहे का?

बाजारात मासे विकणाऱ्या सुमनवयनींना त्या सुराचं वेड लागलं. शिकवा म्हणाल्या. आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "बुवानू, ही पायडलां कित्याक?"

मला जोडता आली नाहीत — एवढंच सांगायचं होतं. पण बुवा ना मी. म्हटलं, ताल धरायला. डावं समेला, मधलं टाळीला, उजवं खालीला.

त्या ते शिकल्या हो. दोन वर्षं, रोज दुपारी, मासे संपले की हात धुऊन यायच्या. पाय चुकला की स्वतःवरच चिडायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. आणि मी — मी चुका काढायचो. खालीची मात्रा हुकली, म्हणायचो. कसं म्हणवलं माझ्याने?

मग त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला गोव्याचा एक वादक पाहुणा आला. वयनी वाजवत होत्या आणि तो वाकून गिटारीखाली बघत होता. वाजवून झाल्यावर अगदी अदबीने म्हणाला, ही पायडलं कशालाच जोडलेली नाहीत. ती तारांचा सूर बदलायला असतात.

वयनी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गोयात तशी वाजयत असतीत. माका आमच्या बुवांनी अशीच शिकयली हा."

सगळे हसले. त्या भल्या माणसाचे कान लाल झाले. आणि मी? मीही हसलो — सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

निघताना त्याने हात जोडून माझी माफी मागितली. मी त्याला माफ केलं.