टर्बोवर आलेला आळ

"टर्बो गेला असेल," असं मी फोनवर बोलून गेलो, आणि तिकडे ईश्वरची नोकरी गेली.

ईश्वर आंधळगावच्या एका राईस मिलची जुनी पिकअप चालवायचा. चार लाख किलोमीटर झालेली गाडी. रिकामी पळायची, पण धानाची पोती भरली की तिसऱ्या गिअरमध्येच जीव सोडायची. वरून काळा धूर. मिलमालक देवरावभाऊंनी फोनवर लक्षणं सांगितली, मी न पाहताच निदान ठोकलं. "यानंच रेटून रेटून टर्बो खाल्ला," म्हणत त्यांनी ईश्वरला घरी बसवलं आणि भरली गाडी घेऊन स्वतः माझ्या शहापूरच्या गॅरेजला आले.

टर्बो म्हणजे पंखा. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरानं तो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा कमी पडली की डिझेल अर्धवट जळतं, काळा धूर निघतो, गाडी ओढत नाही.

पाईप काढून टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला. ठणठणीत! हवेचा रबरी होज कुठे फाटला नव्हता. डिझेल फिल्टर बदलला, तरी गाडी तशीच. मग एअर फिल्टरच्या डब्याला हात घातला.

"तो कायले खोलून राहिला? नवाच आहे, मीच टाकला," देवरावभाऊ म्हणाले.

मी सोडून दिला. कस्टमरपुढे कोण वाद घालेल?

दुपारी ईश्वर एसटीनं आला. "मिस्त्री, खरंच टर्बो गेला का जी? अठरा वर्षं झाली, म्या कधी गाडीले त्रास नाही देल्ला."

मला त्याच्याकडे पाहवेना. कोणाला न विचारता डबा खोलला. फिल्टर नवाच होता. त्याभोवती धोतराचं दुहेरी फडकं गुंडाळलेलं, आणि त्यावर कोंड्याचा जाड थर.

"मिलमध्ये कोंडा उडते न," देवरावभाऊ हळूच म्हणाले. "फिल्टर खराब होऊ नये म्हणून बांधलं. पाणी नाही का गाळत आपण कपड्यानं?"

"भाऊ, नाकातोंडाले फडकं बांधून एक पोतं उचलून पाहा!" मी म्हणालो.

फडकं काढलं. देवरावभाऊंनी किल्ली पुढे केली. ईश्वरनं हात मागे घेतला.

"पहिले सांगा, गाडी कोणं बिघडवली?"

देवरावभाऊ फडक्यावरचा कोंडा झटकू लागले.

"गाडी तू नाही बिघडवली. तुयावर आळ आला तो माया तोंडानं," मी म्हणालो. लाज वाटत होती, खरंच.

"अन् फडकं मायं," देवरावभाऊ पुटपुटले.

तेव्हा कुठे ईश्वरनं किल्ली घेतली. गॅरेजजवळच्या पुलाचा चढ पिकअप पोत्यांसकट चौथ्या गिअरमध्ये चढली.

कस्टमर जो डबा खोलू देत नाही, तो मी आता पहिले खोलतो.