एकशे सव्वीस पायऱ्या

पनवेलच्या आमच्या इमारतीत तळापासून सातव्या मजल्यापर्यंत एकशे सव्वीस पायऱ्या आहेत. एका मजल्याला अठरा. सोसायटीतल्या दुसऱ्या कुणाला हा आकडा ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण इमारतीला लिफ्ट आहे. मला ठाऊक आहे, कारण आठ वर्षं मी त्या रोज चढलो आणि उतरलो. मला लिफ्टची भीती वाटायची.

मी गणिताचा निवृत्त शिक्षक. मी वर्गात शिरलो की पोरं चिडीचूप बसायची, हे मी अजूनही अभिमानाने सांगतो. तोच मी लिफ्टचं दार मिटायला लागलं की गळपटायचो. तळहात ओले, छातीत धडधड, आणि आपण आता इथेच मरणार याची खात्री. शंका नव्हे, खात्री. बाहेर पडलो की दोन मिनिटांत सगळं शांत व्हायचं आणि मग स्वतःची अशी चीड यायची की ती कुणावर तरी काढावीच लागे. बहुतेक वेळा ती बायकोवर निघायची.

आमची जुनी इमारत दोन मजली होती. ती पाडून हा टॉवर झाला तेव्हा चिठ्ठ्या टाकून फ्लॅट वाटले. चिठ्ठी बायकोने काढली आणि सातवा मजला निघाला. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ अदलाबदलीला एका पायावर तयार होते. मीच नाही म्हटलं, कारण हो म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सातव्यावरून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, वारा छान येतो आणि जिना म्हणजे फुकटचा व्यायाम, असं मी सगळ्यांना ऐकवलं. बायको म्हणाली, "मलाही व्यायाम हवाच आहे." आणि आठ वर्षं ती माझ्यासोबत चढली. भाजी घेऊन, दळण घेऊन, एकदा ताप अंगात असताना. पोरांची कॉपी मी शेवटच्या बाकावरची पकडायचो. ही लबाडी शेजारून चालत होती आणि मला दिसली नाही.

मग तिचे गुडघे गेले. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून विचारलं, "रोज किती जिने चढता?"

"छे, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी फोटो परत पाहिला. मी भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र पाहत बसलो. त्या दिवशी ती पहिल्यांदा लिफ्टने गेली आणि मी जिन्याने. वर पोचलो तर ती दारात पाण्याचा पेला घेऊन उभी.

"खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, लिफ्ट नाही का तुमच्याकडे? मग काय सांगायचं होतं?"

मला त्या वेळी तिचा राग आला, हे कबूल करतो. इतकं प्रेम करायचं काही कारण नव्हतं.

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज संध्याकाळी खाली उतरून आवारात चालायचं, कुणीतरी कोपर धरायचं, आणि चालण्यात खंड पडला तर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं. शेजारच्या बाई तिला लिफ्टने खाली आणायच्या. मी जिन्याने धावत उतरायचो आणि खाली धापा टाकत तिचं कोपर ताब्यात घ्यायचो. महिनाअखेरीस त्या बाई मुलीकडे पुण्याला जाणार होत्या, चांगल्या तीन महिन्यांसाठी. त्यानंतर तिला खाली कोण नेणार, हा प्रश्न घरात कुणी उच्चारत नव्हतं. बायको फक्त म्हणाली, "गॅलरीत चालेन की मी." आमची गॅलरी पाच पावलांची आहे.

मी निमूटपणे एका समुपदेशक बाईंकडे गेलो. माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा वयाच्या. त्यांनी नीट समजावलं की शरीर खोटी बोंब ठोकतं, आणि आपण प्रत्येक वेळी पळून गेलो की त्याला वाटतं बोंब खरीच होती. भीती टाळल्याने ती वाढते. तिच्याजवळ थोडं थोडं जायचं, घाबरलो तरी थांबायचं, ती ओसरेपर्यंत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस हे मी लहानपणापासून ऐकलं होतं, पण त्या राक्षसाला बसायला पाट द्यावा हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी कागदावर सोप्यापासून अवघडापर्यंत एक उतरंड लिहून दिली. पहिली ओळ होती, लिफ्टसमोर उभं राहणं. मी तो कागद घडी घालून खणात ठेवला. आठवीच्या पोराला लिहून द्यावं तसं वाटलं मला.

आता मावशीबद्दल सांगितलं पाहिजे. मावशी म्हणजे आमची मासेवाली, उरणजवळच्या मोऱ्याची. रोज टोपली घेऊन येते. जिन्यावर भेटणारं माणूस मला आठ वर्षांत एकच, ती. पाचव्या मजल्यावरच्या वळणावर आम्ही दोघं दम खायचो आणि बोंबील महागले की स्वस्त झाले यावर बोलायचो. ती जिन्याने का येते, हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझ्यासारखंच काहीतरी असेल. तेवढाच आधार.

त्या आठवड्यात मी तिथे जरा जास्तच वेळ बसलो. ती म्हणाली, "भाऊ, तुमी जिन्यानं का येता, ते मला ठाव हाय. बाईचा गुडघा उघडलाय, आन् तुमी अजून हितंच."

मी चिडून विचारलं, "आणि तुम्ही का येता?"

"खाली पाटी हाय ना. मासली, ओला कचरा लिफ्टनं न्यायचा नाय. वॉचमननं वाचून दावली व्हती. खाली सही तुमचीच हाय."

होती खरी. सोसायटी नवी असताना मी मानद सचिव होतो. लिफ्टमध्ये वास येतो अशी तक्रार आली आणि मी पाटी लिहून सही ठोकून दिली. त्या लिफ्टमध्ये तोवर मी पाऊलही टाकलं नव्हतं. तिचा वास कसा असतो हे मला माहीत नव्हतं. आणि त्या एका सहीपायी ही बाई डोक्यावर टोपली घेऊन आठ वर्षं माझ्यासोबत चढत होती. माझ्यापायी दोन बायका जिना चढल्या होत्या.

मी तिथल्या तिथे खाली उतरलो आणि पाटी काढली. वॉचमन म्हणाला, "सर, कमिटीला विचारलं का?" मी म्हटलं, "विचारतो." विचारलं नंतर, आणि बरंच ऐकूनही घेतलं.

मावशी मागोमाग खाली आली होती. मी म्हणालो, "आता लिफ्टने जा."

"जाते. तुमी पन बसा."

मी नाही म्हटलं आणि कारणही सांगितलं. माझ्या मेव्हण्याने एकदा "काही होत नाही हो" म्हणत मला पाठीमागून आत ढकललं होतं. त्यानंतर मी दोन महिने लिफ्टसमोरून जातानाही भिंतीकडून जायचो.

मावशी म्हणाली, "ढकललं तर मानूस पुन्ना येत नाय. माझी सून चिरनेरची, डोंगराकडची. पान्याला लय भ्यायची. ओहोटीला होडी चिखलात बसलेली असते, तवा तिला आत बसवली. च्या दिला, मासली निवडायला दिली. भरती हलू हलू येते. तिला पानी येताना दिसत व्हतं. भ्याली की उतरायची, परत बसायची. दोरी मातुर तिला सांगितल्याबिगर कुनी सोडली नाय."

"किती दिवस लागले?"

"मोजलं नाय. भरतीला कुठं घाई असते?"

खणातल्या कागदावर हेच लिहिलं होतं. पण कागदाबरोबर चहा नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी, इमारत जेवून सुस्तावली की, वॉचमन लिफ्ट तळाला आणून किल्ली फिरवायचा आणि दार उघडं ठेवायचा. मावशी आत फतकल मारून सुकट निवडायला बसायची. मी समोर प्लास्टिकच्या स्टुलावर, चहाचा कप हातात. पहिल्या दिवशी स्टूल बाहेर. दुसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत. तिसऱ्या दिवशी मी पूर्ण आत होतो आणि कप बशीवर खडखडत होता. मावशीने कपाकडे पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तिने विचारलं, "लावू दार? हालवनार नाय." दार मिटलं. सगळं जसंच्या तसं आलं, घाम, धडधड, मरणाची खात्री. मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की ती खात्री थोडी कमी झाली आहे. अगदी थोडी. मला रडू आलं आणि मी सुकटीचा वास नाकात गेला म्हणालो.

त्यानंतर एक मजला. मग दोन. एके दिवशी तिसऱ्यावर दार उघडताच मी पळालो आणि जिन्याने खाली आलो. मावशी म्हणाली, "आज ओहोटी." तेवढंच.

बायकोला काही सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर तिची निराशा नको, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं म्हणजे तिच्यासमोर पुन्हा हरायचं नव्हतं. ती एकदा म्हणाली, "तुमच्या अंगाला रोज मासळीचा वास येतो, आणि घरात तर आठवडाभर मासे आलेले नाहीत." मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

शेजारच्या बाई शनिवारी पुण्याला गेल्या. सोमवारी मी सहाव्यापर्यंत पोचलो. मंगळवारी मावशीने विचारलं, "सोडू दोरी?" मी सात आकड्याचं बटण स्वतः दाबलं. टोपलीची कड घट्ट धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी त्या सात मजल्यांचा रस्ता पायांनीच ओळखत होतो, तो आता पायाखालून नुसता निघून जात होता.

दार उघडलं. समोर, अगदी लिफ्टच्या दारासमोर, खुर्ची टाकून बायको बसली होती. पायात चपला, केस विंचरलेले, हातात काठी.

"तू इथे काय करतेस?"

तिने लिफ्टच्या वरच्या लाल आकड्याकडे बोट दाखवलं. "दोन आठवडे रोज दुपारी इथेच बसते. आधी नुसतं शून्यच दिसायचं, तासभर. मग एक आला. दोन आला. तीनवरून परत गेला त्या दिवशी मी जेवले नाही. काल सहा आला. म्हटलं, आज चपला घालूनच बसावं."

मावशी टोपली उचलून बाहेर निघाली. "तुमी दोगं जा. मी उतरते जिन्यानं, उतरायला काय जड नाय."

"मावशी, थांबा," मी म्हटलं. "तिघं मावतो."

बायको आत आली. मी तिचं कोपर धरायला गेलो तर तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काठी माझ्या हातात दिली.

"धरा. तुमचे पाय लटपटतायत."

मी धरली. तिने दुसरा हात माझ्या दंडाला घातला, मावशीने टोपली सावरली, आणि दार मिटलं.