पाकीट मैनाच्या नावाचं

त्या आठवड्यात रंभा कोळिणीचं बूड एका जागी टेकत नव्हतं. पनवेलच्या मासळी बाजारात पाटीमागे बसायची की लगेच उठायची. सुरमई कापता कापता कोयता ठेवून कमरेचा मोबाइल काढायची. गिऱ्हाईक म्हणायचं, मावशी, लक्ष कुठंय? लक्ष कॅनडात होतं. तिथं लेक समृद्धीला नववा महिना लागला होता. घरात दुसरं बाईमाणूस नाही, नवरा रात्रपाळीला. आई, वेळेत येशील ना, असं ती रोज फोनवर विचारायची आणि रंभा रोज येते म्हणायची. कशाच्या जोरावर म्हणायची, ते तिचं तिलाच ठाऊक.

सगळं अडलं होतं एका पाकिटापायी. पूर्वी व्हिसासाठी मुंबईत पहाटेपासून रांग लावावी लागे, कागदांची पिशवी छातीशी धरून. दोन हजार चौदा साली ते दिवस सरले होते. परदेशी जाणाऱ्यांचे अर्ज भरून देणाऱ्या चारुताने तिच्या ऑफिसात बसल्या बसल्या सगळा अर्ज कॉम्प्युटरवर भरला, कागद स्कॅन करून धाडले. पासपोर्ट तेवढा दिल्लीला गेला. तो व्हिसा लागून बंद पाकिटातून घरी यायचा होता आणि ज्याचा त्याच्याच हातात, ओळखपत्र बघून मिळायचा होता. सोय मोठी झाली, यात वाद नाही. पण रांगेत निदान आपल्यापुढे किती डोकी आहेत ते दिसायचं. इथं नुसता जीव टांगणीला.

अशात भर बाजारात चारुताचा फोन आला. कुरिअरच्या साइटवर शेरा दिसत होता, या नावाची व्यक्ती येथे नाही. पाकीट पळस्प्याच्या गोदामात पडलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीने दिल्लीला परत जाणार होतं.  आधी रंभा फोनवर घराशेजारच्या सखूबाईवर घसरली, तूच कुरिअरवाल्याला हाकललं असशील म्हणून. सखूबाईने आळीत कुणी आलंच नसल्याची शपथ घेतली. मग रिक्षात बसून पळस्पे येईपर्यंत रंभाने कुरिअरवाल्यांचा उद्धार केला.

गोदामातला क्लार्क शांतपणे म्हणाला की पोऱ्याला घर सापडेना म्हणून काल दुपारी त्याने स्वतः फोन केला होता. मैना कोळी आहेत का विचारलं, तर एका बाईने इथं कुणी मैना नाय म्हणून फोन कापला.

रंभाला आठवलं. काल दुपारी पापलेटवरून एक बाई हुज्जत घालत होती, तेवढ्यात फोन वाजला होता. नाय म्हणणारी रंभा स्वतःच होती. आणि ती खोटंही बोलली नव्हती. करंजा गावच्या मैनाचं लग्न झालं, ताटातल्या तांदळांत नवऱ्याने, काळूरामने, अंगठीने रंभा असं लिहिलं, त्यानंतर हळूहळू मैना म्हणून हाक मारणारं कुणी उरलंच नाही. पासपोर्ट मात्र शाळेच्या दाखल्यावरून निघाला होता, तिथं ती मैनाच होती.

क्लार्कने ओळखपत्र मागितलं. तिने मतदान कार्ड पुढे केलं. त्यावर रंभा. बँकेच्या पासबुकावर रंभा. मैना असल्याचा फोटोसकटचा एकमेव अस्सल पुरावा समोरच्या पाकिटात बंद होता, आणि क्लार्क तिला पाकिटाला हात लावू देईना. ती भांडली, मग हात जोडले, मग तिथंच फरशीवर बसली. चारुताने फोनवरून डोकेफोड केली. शेवटी वरच्या साहेबाने तोड काढली. चारुताने धाडलेल्या स्कॅनमध्ये पासपोर्टवर नवऱ्याचं नाव दिसत होतं. नवऱ्याने आपलं ओळखपत्र आणावं, बायकोची ओळख पटवावी आणि सही द्यावी.

काळूराम उरणच्या जेट्टीवरून धापा टाकत पोहोचला तेव्हा बाहेर दिल्लीचा माल गाडीत चढत होता. क्लार्कने त्याचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, या बाई कोण?

"रंभा. आमची मालकीण," काळूराम म्हणाला.

क्लार्कने पाकीट पुन्हा आपल्याकडे ओढलं. रंभाने नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात आला नव्हता एवढा राग तिला त्या क्षणी आला. मी कोण ते यांनी सांगायचं, आणि यांनाच ठाऊक नाही.  काळूराम तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याची मान खाली गेली.

"मैना हाय ती," तो म्हणाला. "लग्नात नाव मी बदललं. तिला इचारलं नवतं."

त्याने सही केली. क्लार्कने पावती रंभापुढे सरकवली आणि तिने सावकाश, एकेक अक्षर काढत मैना लिहिलं. पाकीट हातात आलं. समृद्धीला फोन लावायचा होता, तिकीट काढायचं होतं, बॅग भरायची होती.

बाहेर रिक्षात बसताना काळूराम म्हणाला, "रंभा, आण ते पाकीट. मी धरतो."

तिने दिलं नाही.