रिंगणाबाहेरची कारवानी

तो व्हिडिओ मला धाकट्या भावाने दाखवला. कुठल्याशा मैदानात हिरवा गालिचा अंथरलेला, त्यावर एक चषक आणि चषकाशेजारी आमचा कुत्रा. आमचा म्हणजे आमच्याच कुत्रीच्या पोटचा, आमच्याच सपरात जन्मलेला. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा घातल्यासारखा पट्टा, ओळखायला मला दुसरं काही लागलं नाही. त्याच्या गळ्यातली बारीक दोरी धरून गॉगलवाला एक माणूस सांगत होता, "हे माझ्या स्वतःच्या घराण्यातलं आहे. शुद्ध कारवानी आता फक्त आमच्याकडेच उरलंय."

माझ्या डोक्याची शीर तडतडली. हा माणूस गाडी घेऊन आमच्या तांड्यावर आला होता. बापाने त्याला चहा पाजला होता आणि एका नारळावर पिल्लू त्याच्या मांडीवर ठेवलं होतं. आमच्या घरात पिल्लू विकत नाहीत. नारळ घेतात आणि नर देतात. मादी कधीच तांड्याबाहेर जात नाही.

बापाने मोबाईल हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा तेच पाहत राहिला.

"काय ऐटीत उभं राहून राहिलंय! आपलंच लेकरू हाय की."

"मंग त्यानं तसं सांगितलं काहून न्हाई, बा?"

"सांगून काय व्हतंय? पोटभर खाऊन राहिलंय न्हवं?"

खरं तर घरात आम्ही गोरमाटीत, आमच्या बंजारा बोलीत, भांडतो. इथे मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांना ते वाचता यावं.

कारवानी कुत्रं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना ते आजारी वाटतं. लांब तोंड, आत गेलेलं पोट, मोजता येतील अशा बरगड्या. पळायला लागलं की मग समजतं. आमची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहायची तेव्हापासून ही कुत्री सोबत आहेत, असं तांड्यात सगळेच सांगतात. आता बैल गेले, शिकारीला बंदी आली, ती योग्यच, आणि पोरांना मोटारसायकली आल्या. सेनगावच्या रस्त्यावरची कुत्री तांड्यात आली आणि तांड्याचं रक्त त्यांच्यात मिसळलं. आमचा जुना नर ट्रकखाली गेला. उरली ती एकटी आमची कुत्री, त्या चषकवाल्या कुत्र्याची आई.

मी त्याच वर्षी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले होते. तांड्यातल्या बायकांना बोलायला तेवढंच पुरे होतं, त्यात मी जाहीर केलं की कुत्रीला कुत्र्यांच्या शोमध्ये नेणार. भावाने जीपच्या फेऱ्या मारता मारता चौकशी केली होती. ज्या कुत्र्याच्या आई-बापाची कुठे नोंद नाही, त्यालाही रिंगणात उभं करता येतं. जजने पाहून शुद्ध म्हटलं की त्याची नोंद होते, आणि पुढची पिल्लं त्याच्या नावाने ओळखली जातात. मला तेवढंच हवं होतं. नाहीतर ही म्हातारी होऊन मेली की आमच्या तांड्यात कारवानी होती हे सांगायला तो गॉगलवालाच उरणार होता.

मग शिकवणी सुरू झाली. कारवानी परक्याला अंगाला हात लावू देत नाही, आणि रिंगणात तर जज थेट तोंड उघडून दात बघतो. म्हणून पाण्याला जाणारी, पीठ मागायला येणारी, जी बाई दारात दिसेल तिला मी म्हणायची, "जरा हिचे दात बघून जा." पहिल्यांदा बायका पळाल्या. नंतर चटक लागली. आमच्या कुत्रीची दाढ कुठली किडकी आणि सुळा कुठला बोथट, यावर नळावर चर्चा होऊ लागली. संध्याकाळी खळ्यावर मी दोरी धरून तिच्यासोबत गोल गोल धावायची. शेजारची काकू भिंतीला टेकून बघायची.

"नवऱ्यामागं पळाली न्हाईस, आन् कुत्रीमागं पळून राहिली व्हय गं?"

"नवऱ्यापरीस ही बरी, काकू. बोलावलं की येती."

"कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच, बाई. तुलाच सांगून राहिले, कुत्रीला न्हाई."

त्या हसण्याचा मला राग आला नाही. आपल्या माणसांनी तोंडावर टवाळी केलेली मला चालते.

केस चमकावेत म्हणून भावाने हिंगोलीहून कुत्र्यांचं पाकीटबंद खाणं आणलं. भाकरी आणि ताकावर वाढलेलं पोट ते. शोच्या आदल्या दिवशी तिला ढाळ लागली, पोट फुगलं, आणि ती कण्हत कोपऱ्यात जाऊन पडली. मी घरी नव्हते. रिंगणात लागते तशी बारीक दोरी आणायला सेनगावला गेले होते. परत आले तेव्हा अंगणात जळल्या केसांचा वास होता. चुलीपाशी विळा पडला होता, त्याचं टोक अजून काळं होतं. तिच्या मांडीवर बापाने डाग दिला होता. आमच्याकडे पोट फुगलं की डाग देतात, वासराला, कुत्र्याला, पूर्वी लेकरांनाही द्यायचे. मला स्वतःला पोटावर आहे.

मी दोरी फेकून दिली आणि किंचाळले. "उद्या जायचं हाय, बा! उद्या!"

"तिला तकलीफ व्हत व्हती. तू घरी न्हवतीस. मी काय बघत बसू?"

"डॉक्टर मेला व्हता काय?"

"आतापर्यंत कोन्ता डॉक्टर आला व्हता हितं?"

रात्रीतून तिचं पोट उतरलं. कशाने उतरलं हे देव जाणे, पण बाप सकाळी असा काही बसला होता की जणू त्यानेच तिला यमाच्या दारातून ओढून आणलं. मी जखमेवर हळद आणि तेल लावलं आणि आम्ही निघालो. भाऊ गाडी चालवत होता, बाप मागे कुत्रीला मांडीवर घेऊन.

नांदेडला एका मंगल कार्यालयाचं मैदान होतं. लोकांनी कुत्र्यांसाठी टेबलं आणली होती, कंगवे, पंखेसुद्धा. एका झुबकेदार कुत्र्याला वारा घालत एक बाई बसली होती. आम्ही लिंबाखाली जागा धरली. बापाने डोक्याचं मुंडासं सोडून कुत्रीला अंथरलं. जाणारे येणारे बघत होते, कुणी आमच्याकडे, कुणी तिच्याकडे, आणि एकदोघांनी खरंच थांबून म्हटलं, "काय चीज आहे!" मला भरून आलं. वाटलं, झालं आपलं काम.

रिंगणात ती चालली तशी खळ्यावर कधी चालली नव्हती. मान वर, पाय हलके. जजने तोंड उघडलं, दात पाहिले, ती जागची हलली नाही. पाठीवरून हात फिरवला. मान डोलावली. मग हात मांडीवर गेला आणि थांबला.

"हे काय? भाजलंय?"

मी खोटं बोलू शकले असते. कुंपणाची तार म्हटलं असतं तर संपलं असतं. पण बाप दोरीपलीकडून सगळ्यांच्या आधी बोलला, आणि तेही अभिमानाने. "डाग दिला, साहेब. पोट फुगलं व्हतं. कालच दिला, आन् बघा, कशी चालून राहिली!"

जजने हात पुसला. रुमालाने. मग तो मोठ्याने बोलला, मला नाही, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा अत्याचार आहे. अशा लोकांच्या हातात जनावर देऊच नये. घेऊन जा हिला."

"साहेब, कुत्री बघा. ती शुद्ध हाय का न्हाई तेवढं सांगा."

"घेऊन जा म्हटलं ना!"

शेजारच्या रिंगणात काळी, तुकतुकीत, मोठाली कुत्री रांगेत उभी होती. त्यांचे कान कापून टोकदार केलेले, शेपट्या बुडापासून छाटलेल्या. मी तिकडे बोट दाखवलं. "मंग त्यांच्या शेपट्या कुणी नेल्या, साहेब? त्यांचं पोट फुगलं व्हतं का?"

काही लोक हसले. जज हसला नाही. "ते त्या जातीचं स्टँडर्ड आहे," तो म्हणाला, आणि पुढच्या कुत्र्याकडे वळला.

विळ्याचा डाग वाईटच. तो मी आज कुणाला देऊ देत नाही. पण माझ्या बापाने दुखणं थांबावं म्हणून डागलं. त्यांनी दिसायला छान म्हणून छाटलं. आणि हात रुमालाने पुसला तो आम्हाला बघून. हे मी विसरत नाही, विसरणारही नाही. परतीच्या वाटेत बाप एवढंच म्हणाला, "माझ्यानं झालं." ज्याच्यावर ओरडायचं होतं तो मागे मैदानात राहिला होता, आणि गाडीत फक्त बाप होता.

त्यानंतर बापाने एकच काम धरलं. सुगी झाली की आमच्या भागात धनगरांचे कळप येतात, रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवतात. तो एकेका वाड्यावर, म्हणजे त्यांच्या मुक्कामावर, जाऊन त्यांची कुत्री बघू लागला. जवळा बाजारच्या बाजूला एका धनगराजवळ त्याला नर सापडला, भुरा, उंच, निखळ कारवानी. आम्ही नारळ आणि गूळ घेऊन गेलो, सोयरिकीला जातात तसे. धनगराने नरांतलं पहिलं पिल्लू निवडायचा हक्क मागितला, तो आम्ही दिला. वेळेवर पिल्लं झाली. एक मादी हुबेहूब आईसारखी निघाली, तेच तोंड, तीच मान. तिला मी स्वतः वाढवलं, भाकरी-ताकावर. तिचं पोट एकदा बिघडलं तेव्हा बापाने न सांगता जीप काढायला लावली आणि डॉक्टरकडे नेलं.

ती वयात आल्यावर आम्ही लातूरला गेलो. यावेळी तिच्या आईलाही, म्हाताऱ्या कुत्रीलाही, सोबत घेतलं, पोर तिच्यावाचून गाडीत बसेना म्हणून. जज दुसरा होता. त्याने पोरीला चालवून पाहिलं, उभी करून पाहिलं, आणि म्हणाला, "सुंदर. बऱ्याच दिवसांनी अशी पाहिली." ती पास झाली. बाप कुठे आडोशाला नव्हे, भर मैदानात रडला.

नोंदीच्या टेबलावरचा माणूस भला होता. अभिनंदन म्हणाला, पाणी विचारलं. "आता हिची पिल्लं नोंदवता येतील. हिच्या आई-वडिलांची नोंद आहे?"

"न्हाई. पण आई ही काय, हितंच हाय."

त्याने वाकून पाहिलं. म्हातारी माझ्या पायाशी बसली होती. तो समजुतीने हसला. "तसं चालत नाही, ताई. आई माहीत नाही, वडील माहीत नाहीत, असंच लिहावं लागतं."

मी तिला उचललं आणि टेबलावर उभी केली. त्याची पाण्याची बाटली पडली. पोरगी खालून मागच्या पायांवर उभी राहिली आणि आईचं तोंड चाटू लागली.

"माहीत न्हाई म्हंजे कुणाला? तुमाला? मला माहीत हाय. माझ्या बापाला माहीत हाय. ह्या मुक्या लेकराला बी माहीत हाय!"

"ताई, मागे लोक थांबलेत. हिच्या पिल्लांपासून आईचं नाव लागेल ना."

"लिवू दे गं," बाप म्हणाला.

त्याने लिहिलं. तो कागद तिथेच फाडायचा होता मला. पण फाडला असता तर पोरीच्या पिल्लांनाही आई मिळाली नसती. मी घडी घालून घेतला.

आता लोक लांबून येतात. मला ब्रीडर म्हणतात, आमचं घराणं विचारतात. मी सपराच्या सावलीत पडलेल्या म्हातारीकडे बोट दाखवते. ते तिच्याकडे बघतात, तिच्या मांडीवरच्या केस न आलेल्या जागेकडे बघतात, आणि बरेचजण म्हणतात, "ते ठीक आहे, पण हिचे पेपर आहेत का?"

त्यांना मी चहा पाजते. पिल्लू देत नाही.